तीनशे एकाहत्तर दिवसांचं वर्ष

"…आणि सही करायला तुम्हाला नेमकी अडचण काय आहे, मास्तर?"

शलाकानं हे तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी आवाज एक पट्टी वर होता.

दस्तगीरमास्तर ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. टरफलं एका सुपात, दाणे एका ताटलीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं. दुसऱ्याचं ते दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर ढकलत. त्यामुळं अधूनमधून दाणा टरफलांत जाई आणि टरफल दाण्यांत.

"अडचण नाही," ते म्हणाले. "विचार करतोय."

"चार दिवस?"

"हं."

आतून, स्वयंपाकघराच्या दारातून, जैतुनबी म्हणाली, "चार दिवसांचं काय घेऊन बसलीस? माझ्याशी लग्नाला हो म्हणायला सहा महिने लावले होते यांनी."

"आणि अजून विचार चालूच आहे," मास्तर म्हणाले.

एरवी शलाका हसली असती. आज तिला हसू येईना. उद्या सकाळी अकरा वाजता पंचायतीच्या पटांगणात मांडव पडणार होता. जिल्ह्याचे अधिकारी येणार होते, आमदार येणार होते. तिथं ती सांगणार होती की कोरेवाडीच्या माळावरून, पत्र्याच्या खोलीतून, एका लेकीनं नवा ग्रह शोधलाय. आणि ते ऐकून अधिकारी जाहीर करणार होते की माळावर दुर्बिणीसाठी पक्का घुमट बांधला जाईल. त्याआधी, आज रात्रीच, तिचा लेख परदेशातल्या नियतकालिकाकडं जायचा होता. लेखावर दोन नावं होती. पहिल्या हिवाळ्यात मास्तर रोज तिच्याबरोबर माळावर जागले होते, म्हणून दुसरं नाव त्यांचं. त्यांच्या संमतीच्या कागदावर फक्त सही हवी होती.

सहावीत असताना याच माणसानं तिला शनीची कडी दाखवली होती. फुटक्या शोकेसची जाड काच दोन वर्षं हातानं घासून मास्तरांनी आरसा केला होता, तो पत्र्याच्या नळीत बसवला होता. ती कडी पाहिली त्या संध्याकाळी शलाका बिराजदार जेवली नव्हती. पुढं ती पुण्याला गेली, पुण्याहून सातासमुद्रापलीकडं गेली, डॉक्टरेट घेऊन आली. तिकडं नोकरी देत होते. तिनं नको म्हटलं. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांनी दिवाळीनंतर गाव सोडण्याआधी एकदा तरी ती कडी पाहावी, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. एवढंच, पण ते आगीसारखं होतं.

"घुमट झाला ना मास्तर, तर पोरांना थंडीवाऱ्यात उभं राहावं लागणार नाही."

"तुला मी शनी कुठून दाखवला होता?"

"शाळेच्या छपरावरून."

"हं," मास्तर म्हणाले आणि एक शेंग फोडली.

जैतुनबी पदराला हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यावर टेकली. "ते दोघं कोण गं, ज्यांच्यापायी हे सगळं चाललंय? परत सांग. मागं सांगितलंस तेव्हा दूध उतू जात होतं."

शलाकाला हे सांगायला केव्हाही आवडे. राग विसरून ती पुढं सरकली.

"रोहिणीच्या जवळ एक तारा आहे, चाची. डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीतून एक दिसतो. पण तो एक नाही, दोन आहेत. एक नारिंगी, आपल्या सूर्याहून थोडा लहान. दुसरा श्वेत बटू. हा बटू पूर्वी दोघांतला थोरला होता. त्याच्या पोटातलं जळण संपलं. मग तो फुगला, इतका की शेजारचा धाकटाही त्याच्या अंगात बुडाला. मग त्यानं सगळं उधळून टाकलं आणि आता नुसता गाभा उरलाय. आकारानं आपल्या पृथ्वीएवढा, पण वजनानं जवळजवळ सूर्याएवढा. निखाऱ्यासारखा पांढराफेक."

"आणि?"

"आणि दोघं एकमेकांभोवती फिरतात. अर्ध्या दिवसात एक फेरी. दर फेरीला धाकटा मध्ये येतो आणि मागचा बटू झाकला जातो. ग्रहणच ते. पण चंद्रासारखं हळूहळू नाही. बटू एवढा लहान आहे की एका मिनिटात जातो, दिवा फुंकावा तसा. पाऊण तास गायब. मग एका मिनिटात परत."

"म्हणजे थोरला म्हातारा होऊन खुजा झाला," जैतुनबी म्हणाली, "आणि धाकटी त्याच्यापुढं येऊन उभी राहते." तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा शलाकाकडं. "ओळखीचे दिसतायत."

मास्तर शेंगांत बघत हसले.

"थट्टा नाही, चाची. ते एवढं झटक्यात होतं म्हणून ते घड्याळ आहे. आभाळातलं घड्याळ. पुढचं ग्रहण केव्हा लागणार ते सेकंदावर सांगता येतं. आणि तेच घड्याळ चुकत होतं! कधी सहा सेकंद आधी, कधी सहा सेकंद उशिरा. पुन्हा आधी, पुन्हा उशिरा. तीन हिवाळे मी मोजलंय. म्हणजे तिथं तिसरा कुणीतरी आहे. तो त्या दोघांना ओढतो. ते थोडे पुढं येतात तेव्हा ग्रहण लवकर दिसतं, मागं जातात तेव्हा उशिरा. तो तिसरा म्हणजे ग्रह."

मास्तरांनी विचारलं, "त्या ग्रहाचं वर्ष किती दिवसांचं?"

"तीनशे एकाहत्तर. पाच-सात दिवस इकडंतिकडं."

"आपलं?"

"तीनशे पासष्ट. तेच तर, मास्तर! आपल्याएवढंच वर्ष असलेला ग्रह, आणि तो विझलेल्या ताऱ्याभोवती. सगळं उधळून गेल्यावरही कुणीतरी त्याच्याभोवती फिरतंय. मला तर…"

ती थांबली.

मास्तरही थांबले. हातातली शेंग तशीच राहिली.

"पृथ्वी फिरते ते वजा केलंस?"

"मास्तर!" ती दुखावली. "ते तर पहिलं काम. आपण सूर्याभोवती फिरतो. सहा महिने त्या ताऱ्याकडं सरकतो, सहा महिने त्याच्यापासून लांब. उजेड कधी आठ मिनिटं लवकर पोचतो, कधी आठ मिनिटं उशिरा. ते वजा केल्याशिवाय कुणी पुढं पाऊल टाकत नाही. प्रोग्रामच करतो ते."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं…" मास्तरांनी शेंग फोडली. तिच्यात दाणा नव्हता. "समोरच्या तळ्याला एक फेरी मारून ये."

"आत्ता?"

"उजेड आहे तोवर. जैतुन, तू शाळेच्या घंटेचा रूळ वाजव. मिनिटाला एक ठोका. घड्याळ घेऊन जा."

"मला भाकरी टाकायच्यात."

"आज भात कर."

शलाका उठून उभी राहिली. "मला कळलं तुम्ही काय करताय. मी चालणार, ठोका कधी जवळून येणार, कधी लांबून. आवाजाला पोचायला वेळ लागतो, म्हणून ठोके पुढंमागं होणार. मग तुम्ही म्हणणार, बघ, चालत होतीस तू आणि चुकले ठोके. हे मला ठाऊक आहे. सहावीतल्या पोरालाही ठाऊक असतं."

"मग तेही वजा कर."

"कशाला पण?"

"सही पाहिजे ना?"

तिनं पायात चपला सरकवल्या.

"रूळ कुठं आहे माहीत आहे ना?"

"शाळेचा रूळ मला विचारता? सात वर्षं त्याच्या ठोक्यावर पळालेय मी."

मास्तरांनी पुढची शेंग उचलली. मग म्हणाले, "आणि पहिला रकाना भर."

पहिला रकाना! तिला हसूच आलं. मास्तरांच्या शाळेत आभाळाच्या वहीचा एक नियम होता. काय पाहिलं ते नंतर. किती वाजता, तेही नंतर. पहिल्या रकान्यात लिहायचं, 'मी कुठं उभा आहे', मुलगी असेल तर 'उभी आहे'. तो रकाना कोरा असला की मास्तर वही न वाचता परत करत. शलाकाच्या सहावीच्या वहीत पानोपानी होतं: गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ.

"आता फोन लिहितो ते, मास्तर. दर सेकंदाला. मी कुठं आहे ते तीन पावलांच्या आत सांगतो."

"तुझं तू लिही."

जैतुनबीनं भिंतीवरचं घड्याळ काढून कडेवर घेतलं, पोर घ्यावं तसं. शलाकाच्या फोनशी सेकंदकाटा जुळवून घेतला. "बरोब्बर साडेचारला पहिला ठोका," ती म्हणाली. "एकच फेरी हं. दुसरी मारायची असेल तर दुसरी म्हातारी बघ."

तळ्याची फेरी चाळीस मिनिटांची. शलाका बांधावरून निघाली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. पलीकडच्या काठावर कुणी म्हशी धूत होतं. पाणी निम्म्यावर आलं होतं, कडेचा चिखल भेगाळला होता.

ठण्.

तिनं फोनवर बोट टेकलं. पुढं चालली.

ठण्.

पोरखेळ, तिच्या मनात आलं. पण मास्तर म्हातारे झालेत. म्हाताऱ्या माणसाचा मान राखावा. फेरी मारून, हिशेब मांडून दाखवू, सही घेऊ, आठच्या आत लेख पाठवू.

फाट्याजवळ रस्ता तळ्याला लागतो, तिथं फ्लेक्स लागला होता. वर नेत्यांचे सात फोटो, खाली तिचा, त्याखाली 'कोरेवाडीचा ग्रह! शलाकाताईंचे हार्दिक अभिनंदन!' ग्रहाचं चित्र म्हणून कुणीतरी शनीच लावला होता, कड्यासकट. तिला आधी हसू आलं. मग वाटलं, किती हौसेनं लावलाय. गावानं एवढं केलं होतं.

ठण्.

ती बोट टेकायची, चालायची, बोट टेकायची. पुढं पायवाट बांधाखालून, वेड्या बाभळींच्या मधून जात होती. तिथं वरचं काही दिसत नव्हतं. दर्ग्याच्या भिंतीलगत आली तेव्हा ठोका एकदम मोठा ऐकू आला. पाण्यावरून आवाज घुमतो, ती मनाशी म्हणाली. आवाज कुठून येतोय हे तिनं पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष केव्हा येतोय, याच्यावर होतं.

ओसरीवर येऊन तिनं लॅपटॉप उघडला. नकाशावर जुन्या शाळेसमोरच्या लिंबावर खूण केली. प्रत्येक ठोक्याला आपण कुठं होतो ते फोनवरून घेतलं, तिथून लिंबापर्यंतचं अंतर काढलं, आवाजाला लागलेला वेळ काढला, वजा केला. दहा मिनिटांचं काम. मास्तर समोर बसून दाण्यांतली टरफलं निवडत होते.

"झालं," ती म्हणाली. "आता सगळे ठोके एका सरळ रेघेत…"

रेघ सरळ नव्हती.

ती पडद्याजवळ वाकली. आकडे पुन्हा पाहिले. अर्ध्या तळ्यापर्यंत ठोके दीड सेकंद आधी येत होते, उरलेल्या अर्ध्यात दीड सेकंद उशिरा. मध्ये कुठं खाच नाही, धसका नाही. पाण्यावरच्या लाटेसारखी गोल, देखणी लाट.

जैतुनबी घड्याळ कडेवर घेऊन परत आली आणि ते खिळ्याला अडकवू लागली.

"चाची, तुमचा हात पुढंमागं होत होता का?"

"माझा?" जैतुनबी गर्रकन वळली. "काटा बारावर, ठोका रुळावर. चाळीसच्या चाळीस. मध्ये माशी नाकावर बसली तरी हलले नाही मी."

"पण बघा ना, ठोके आधी लवकर येतायत, मग उशिरा येतायत. दीड-दीड सेकंद. म्हणजे तुमचा हात चुकत नसेल तर कुणीतरी तुम्हाला…"

कुणीतरी तुम्हाला ओढतंय.

ते शब्द तोंडात आले आणि तिथंच थांबले.

लाटेची लांबी तिनं आता पाहिली. एक फेरी. बरोबर एक फेरी, तिची स्वतःची.

मास्तर मान वर न करता म्हणाले, "ग्रह सापडला?"

दूर म्हशी हंबरल्या.

"पण मी वजा केलं होतं, मास्तर…"

"कुठून?"

"रुळापासून."

"रूळ कुठं आहे?"

"लिंबावर. जुन्या शाळेसमोर."

जैतुनबी कपाळावर हात मारून हसायलाच लागली. "अगं बाई! लिंब पडून दोन पावसाळे झाले की. वादळात मुळासकट गेला. रूळ दर्ग्यातल्या चिंचेला टांगलाय तेव्हापासून. भिंतीपलीकडून गेलीस तू माझ्या, मी हाक मारणार होते, पण ठोका चुकला असता." मग हसू आवरून, जरा नवलानं ती म्हणाली, "तीन वर्षं झाली तुला येऊन. तू गावात राहतेस की आभाळात?"

ती टपली जिथं लागायची तिथं लागली.

लिंब पडला होता. त्याच्या सावलीत ती पाढे शिकली होती, त्याच्या निंबोळ्या तिनं वेचल्या होत्या, परदेशात एकटं वाटलं की तो लिंब तिला आठवे. आणि तो पडला तेव्हा ती इथंच होती, तीन कोसांवर, माळावर. रात्री जागत होती, दिवसा झोपत होती. गावासाठी.

तिनं सरळ बघितलं. "मास्तर… माझ्या प्रोग्राममध्ये ताऱ्याचा पत्ता…"

मास्तरांनी ताटली बाजूला ठेवली.

"पहिल्या रात्री वारा सुटला होता, नेटवर्क गेलं होतं," ती हळूहळू बोलत होती, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी. "पृथ्वीची चाल वजा करायची तर तारा आभाळात नेमका कुठं आहे ते प्रोग्रामला द्यावं लागतं. फोनमध्ये तुमच्या जुन्या वहीच्या पानाचा फोटो होता. मी परदेशात असतानाही जवळ ठेवायचे तो. त्यातला पत्ता मी घातला. नंतर बदलू म्हटलं…" तिनं लॅपटॉपकडं पाहिलं. "मग बदलला नाही. तुमचाच होता. तुमचं अक्षर होतं. मला वाटलं, यापेक्षा खात्रीचं काय असणार?"

"वही फळीवर आहे," मास्तर म्हणाले.

ती आत गेली. फळीवर बाराखडीच्या पुस्तकांशेजारी ती निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तिला हवं ते पान तिला तोंडपाठ होतं. ते तिनं उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या वहीचं पहिलं पान उघडलं.

वर लिहिलं होतं, 'मी कुठं उभा आहे: शाळेचं छप्पर, कोरेवाडी.'

त्याखाली, तशाच ठसठशीत अक्षरात: 'ताऱ्यांची ठिकाणं सन १९५० च्या नकाशावरून उतरवली आहेत. पृथ्वीचा भोवरा डुलतो, म्हणून ती दरसाल थोडी सरकतात. वापरण्याआधी आजची करून घ्यावीत.'

फोटो तिसऱ्या पानाचा होता.

ती वही घेऊन ओसरीवर आली आणि लॅपटॉपसमोर बसली. तिनं ताऱ्याचा आजचा पत्ता घातला. जुना आणि नवा यांत फार अंतर नव्हतं. आभाळात दीड चंद्र मावेल एवढं. तीन हिवाळ्यांची ग्रहणं तिनं पुन्हा त्या प्रोग्राममधून काढली.

पडद्यावरचं चाक फिरलं. थांबलं.

सहा सेकंदांची लाट नव्हती; पत्ता चुकल्यानं वजा व्हायची राहिलेली पृथ्वीची चाल आता पुरती वजा झाली होती. तारा आपल्या वेळेवर होता, पहिल्या रात्रीपासून शेवटच्या रात्रीपर्यंत. रेघ सरळ, दोरी धरून आखलेली.

तिचा ग्रह गेला होता. एका मिनिटात, दिवा फुंकावा तसा. फरक एवढाच की हा पाऊण तासानं परत येणार नव्हता.

तिनं वर पाहिलं तेव्हा मास्तर एक कागद तिच्यापुढं धरून होते. संमतीचा कागद. खाली सही होती, रेघेबाहेर गेलेली पण पूर्ण: दस्तगीर महिबूब शेख. शाई अजून ओली होती.

"घे."

"आता कशाला, मास्तर?"

"तू मागितली होतीस."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही. चार दिवसांपूर्वी वर्ष ऐकलं, तेव्हा वास आला फक्त. कुठं सांडलंय ते तुझं तुलाच बघायचं होतं."

"मग तुम्ही सही का केलीत?"

"अडचण काय, असं तू तीनदा विचारलंस. माझ्याकडं नव्हती." त्यांनी कागद तिच्या मांडीवर ठेवला. "लेखही तुझ्याकडं आहे. वेळही आहे. आठ वाजायला अवकाश आहे."

कागद तिच्या मांडीवर राहिला. हलका कागद, पण तिला तो उचलवेना.

कुणाला कळणार होतं? लेख गेला असता. मांडव पडला असता, घुमट उभा राहिला असता. त्या घुमटाखाली शेकडो पोरांनी खरा शनी पाहिला असता. वर्षा-दोन वर्षांनी परदेशात कुणीतरी चूक काढली असती, तोवर घुमटाला रंगही लागून गेला असता… एवढं सगळं एका श्वासात तिच्या मनात येऊन गेलं. मास्तर तिच्याकडं पाहत नव्हते. ते सुपातली टरफलं चाळत होते. एक दाणा सापडला, तो त्यांनी ताटलीत टाकला.

फोन वाजला. सरपंच होते.

"ताई, एक विचारायचं होतं. फ्लेक्सवर अजून एक साहेब बसवायचेत, तर तुमचा फोटो जरा बारीक करू का? ग्रहही थोडा सरकवतो बाजूला."

"बसवा," शलाका म्हणाली. मग म्हणाली, "थांबा, सरपंच. ग्रहाचं चित्र काढून टाका."

"काढू? मग लोकांना कळणार कसं?"

"मी सांगते ना उद्या. मी येणार आहे. आणि ते घुमटाचं… ते अधिकारी मला ऐकून काय ते ठरवतील. त्यांना आज रात्री मीच फोन करते."

"ताई, काही गडबड?"

"गडबड झाली होती. सापडली."

तिनं फोन ठेवला. सहीचा कागद घेतला, एकदा दुमडला, पुन्हा दुमडला, आणि फाडला नाही. निळ्या वहीच्या पहिल्या पानात ठेवून वही मिटली.

जैतुनबीनं तिच्यापुढं चहा ठेवला. कपाला हात लावल्यावर शलाकाला कळलं की आपली बोटं गार पडलीत.

समोर तळ्यावरचं ऊन सरत चाललं होतं. पलीकडच्या काठावर, जिथं लिंब असायचा, तिथं नुसतं आभाळ होतं. आता पाहिल्यावर ते किती मोकळं दिसत होतं! आणि अलीकडं दर्ग्याच्या भिंतीवर चिंचेचा शेंडा. तो तिथं कायमचाच होता.

तिनं चहा संपवला, कप खाली ठेवला.

"मोठी माणसं समजून घेतील," ती म्हणाली. "नाही घेतलं तर नाही. पण नव्या शाळेतल्या पोरांना मी सांगून बसलेय, मास्तर. दर शनिवारी जाऊन सांगितलंय. नवा ग्रह, आपल्याएवढंच वर्ष असलेला. त्यांनी त्याची चित्रं काढलीत, वर्गात लावलीत. एकीनं त्यावर विहीर काढलीय…" तिनं वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "उद्या ती सगळी पुढं बसणार. त्यांना काय सांगू? ग्रह खोटा निघाला म्हणून?"

मास्तरांनी ताटलीतले मूठभर दाणे तिच्या ओंजळीत ओतले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. एका डोळ्यानं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या पायांकडं.

"खोटा कशानं?" ते म्हणाले. "तू उभी कशावर आहेस?"